कोरं मांजरपाट
कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. मी नवी सून म्हणून वैनगंगेकाठी आले, तेव्हा घरच्या नावेचं पुढचं तिकोनी शीड फाटलं होतं. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, नागभीडच्या बाजारातून वजनाला हलकं म्हणून मांजरपाट आणलं, डोलकाठीच्या शेंड्यापासून नावेच्या टोकापर्यंत दोरी ताणून माप घेतलं आणि सगळं शिवायला माझ्यापुढं टाकलं. भासऱ्यांशी सून बोलत नसे, म्हणून मी सासूला म्हटलं, “आत्याबाई, कापड आधी भिजवा म्हणावं, नाई त आटते.” अंगणातून भासऱ्यांचंच उत्तर आलं, “नदीची पूजा कोऱ्या शिडानंच होते! तिले म्हणा, गुमान शिव.” मी त्यांच्याच मापाची दोरी लावून शिवलं. पूजेच्या दिवशी शीड नावेच्या टोकाला बरोबर पोचलेलं सगळ्या घाटानं पाहिलं. मग एका अवकाळी सरीत ते भिजलं आणि वाळलं ते हातभर आखूड होऊन. त्याच घाटावर, चारचौघांत, भासरे म्हणाले, “बाईच्या हाती माप दिलं, काय होईन दुसरं!” पुढचं कापड त्यांनी आणलं ते भिजवून, वाळवून. सासूला म्हणाले, “कोरं कापड आटते, मले त माईतच होतं. पूजेले कोरा तुकडा चालते.” आता ना नाव राहिली, ना भासरे, पण कोरं कापड भिजवून पिळताना माझी मूठ अजूनही जरा जास्तच आवळते.