नानांचा पितळी आकडा

नाना गेल्याचं पुतण्याने सावद्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "घोडी कशी बांधली आहे?" म्हातारीला धक्का बसला असं वाटलं असेल त्याला. धक्काबिक्का काही नाही... नाना माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि आमचं आयुष्यभराचं वैर. गेलेल्याचं चांगलंच बोलावं म्हणतात. पण मी खोटं गोड बोलले, तर सगळ्यात आधी नानाच चिडतील.

माझं लग्न झालं तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी धुळ्याच्या देवपुरातली, सातवी झालेली. सावद्याच्या त्या केळीवाल्या घरात कुणी मोठी विदुषीच आली आहे अशी माझी पक्की समजूत. जेठांसमोर धाकट्या सुनेने बोलायचं नाही ही रीत. तरी कधी वेळ आलीच तर म्हणून मी एक छापील, शुद्ध वाक्य पाठ करून ठेवलं होतं. अशी येडी.

त्या सुमारास नानांनी भुसावळच्या बाजारातून चंद्रीसाठी, म्हणजे आमच्या टांग्याच्या घोडीसाठी, दोर तोंडावरच्या म्होरकीला अडकवायचा पितळी आकडा आणला. खटका दाबला की घोडी मोकळी. येईल त्याला दाबून दाखवायचे. दागिन्यासारखा चमकायचा म्हणून मलाही तो आवडला होता, मी कसली पारखी! एका सकाळी केळीच्या लॉरीने दारातच भोंगा वाजवला. चंद्री बिचकून मागे सरली, दोर ताणला, आणि ताण बसल्यावर खटका हलेना. म्होरकी तिच्या मानेत रुततेय, नाना दोन्ही अंगठ्यांनी दाबतायत... मी जवळच विळ्याने घास कापत होते. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ओरडले, "नाना, दोर तोडा, घोडी मरी ऱ्हायनी!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग मीच धावत जाऊन दोर कापला. चंद्री धपकन पडली, धडपडत उठली. आणि नाना मला नाही, तिला म्हणाले, "चंद्रे, तिले म्हन, डोक्यावर पदर घे."

तेव्हापासून आम्ही घोडीमार्फत भांडलो. नानांनी तसाच दुसरा आकडा आणला. पहिल्याची स्प्रिंग खराब होती म्हणे. मी रोज भिंतीतली कडी आणि दोर यांच्यामध्ये केळीच्या वाळल्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पट्टी बांधायची, जोराचा हिसका बसला की तुटेल अशी. नाना ती काढून फेकायचे. एकदा त्यांच्या नजरेतून सुटली, तुटली, आणि चंद्री शेजाऱ्याच्या बागेत शिरली.

"चंद्रे, तिले म्हन, उद्यापासून तुले शिवणदोऱ्यानं बांध."

मी पदराआडून म्हटलं, "चंद्रे, यांना सांग, पळालेली घोडी परत आणता येते."

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. मी दोनदा जेवले.

पुढे चंद्री गेली, टांगा गेला, आम्ही धुळ्याला आलो. नाना माझ्याशी बोलले नाहीत ते नाहीतच. लग्नकार्यात भेटले तर मांडवाच्या खांबाशी बोलायचे.

दहाव्याला गेले ती थेट गोठ्यात. पुतण्याची वरातीची घोडी उभी होती. दोराला तोच पितळी आकडा, घासून लखलखीत. आणि कडीजवळ सोपट... वाळलेलं, पण यंदाचंच. नाना स्वतः बांधायचे, पुतण्या म्हणाला, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

घसा दाटून आला असं लिहिणार होते. पण नीट बघते तर पट्ट्या दोन, पीळ घालून घट्ट. तसलं सोपट बैलालाही तुटायचं नाही. म्हणजे ऐकलं, तेही अर्धंच. मी एक पट्टी ओढून काढली, उरलेली नीट बांधली आणि घोडीच्या कानाशी म्हटलं, "नानांना सांग, एकच लागते."