घर नंबर सत्तावीस

आमच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. घरात लहान मुलांच्या कानावर किती शब्द पडतात आणि त्यावरून ती पुढे कशी बोलतात, वाचतात, याचा आमच्याकडे अभ्यास चालायचा. मुलाच्या कपड्याच्या खिशात दिवसभर छोटा रेकॉर्डर राहायचा. ते सगळं ऐकून शब्द मोजायचे, हे बाईचं काम. हेडफोनच्या फाटक्या गादीला चिकटपट्टी, हातात पेन्सिल, बावीस वर्षं एकच खुर्ची. तिची मोजणी मी तपासायचे. चूक सापडली की चहा तिच्याकडून, असं ठरलं होतं. फुकटचा चहा माझ्या नशिबी कधी आला नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तिने हेडफोन काढले आणि म्हणाली, "सत्तावीस नंबरच्या पोरीला ऐकू येत नाही."

त्या घरात वीस महिन्यांची मुलगी आणि तोंडाला कुलूप नसलेली आई. आईच्या शब्दांचा आकडा सगळ्या घरांत मोठा, मुलीचा शून्य.

"काहीतरीच! आईने हाक मारली की हसते ना ती?"

"हाकेला नाही हसत. आई आधी पाय आपटते. जमीन हादरते, ते पोरीला कळतं. आईला स्वतःला पत्ताच नाही. माझी आईपण असंच करायची."

बाईचा धाकटा भाऊ बहिरा होता, एवढं मला ठाऊक होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. कारण पाच वाजता त्या घराचं नाव आणि फोन लिहिलेला कागद फाडायचा होता. नियमच तसा: काम संपलं की कुठलं घर कोणाचं, हे आम्हालाही कळता कामा नये. मग ही पोर शोधायची कुठे? वेळेवर कळलं तर कानाला मशीन लावता येतं, भाषा येते. वाया गेलेले महिने मात्र कोणी परत देत नाही.

साडेचारला आम्ही अभ्यासाच्या प्रमुख मॅडमसमोर उभ्या. कागद त्यांच्या टेबलावरच होता.

"आपण डॉक्टर नाही," मॅडम म्हणाल्या. "नियम मोडून घरच्यांना फोन केला तर अभ्यासाची परवानगी जाईल. सगळा अभ्यास बंद पडेल."

कधी आवाज न चढवणाऱ्या बाईने सरळ हेडफोन मॅडमच्या कानांवर चढवले. अकरा वेळा पाय आपटून हाक, अकराही वेळा पोरीचं हसणं. चार वेळा आई पलंगावर बसून हाक मारते. चारही वेळा काही नाही.

मॅडमनी पुन्हा ऐकलं. घड्याळात पावणेपाच. मला राहवेना.

"परवानगी पुन्हा मागता येईल हो! या पोरीचे कान कोणाकडे मागायचे?"

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, माझी नोकरी गेलीच. मग त्यांनी नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"छे हो," आई हसली. "हाक मारली की लगेच बघते माझ्याकडे."

बाई पुढे झाली. "ताई, तिच्या पाठीमागे उभ्या राहा. पाय अजिबात हलवू नका. आता मारा हाक."

"चिमे!"

ठोकळ्यावर ठोकळा आपटल्याचा आवाज.

"चिमे! ए चिमे! अगं, इकडे बघ ना!"

ठोकळे तसेच वाजत राहिले. मग धप् असा आवाज आला आणि पाठोपाठ पोरीचं खळखळून हसणं.

दिवसभर बोलणाऱ्या त्या आईचा हुंदका ऐकू आला.

"ताई, रडू नका," बाई म्हणाली. "उद्याच कान तपासून घ्या. तुमची वेळ गेलेली नाही. माझ्या भावाचं आम्हाला सातव्या वर्षी कळलं."