आमोण्याची मानस आणि भिकाजीचा पंप

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच साली भिकाजी चंदगडहून आमोण्याला आला. आधी गवंड्याच्या हाताखाली राबला, मग खाणींच्या धक्क्यांवर काँक्रीटच्या चिरा भरायला लागला. पुढे त्याने आमच्या सखल शेतांतले एक अर्धेलीने धरले.

नदीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात दार असते, ती मानस. आमच्या मानशीच्या काँक्रीटच्या भिंतीला चिरा गेल्या होत्या. ९२ साली भिकाजीने भाड्याच्या विजेच्या पंपाने त्यांत रासायनिक राळ (रेझिन) भरायला घेतली. बांधावर वीज नाही. जनरेटर मध्येच बंद पडला, राळ नळीतच घट्ट झाली आणि पंप कायमचा गेला. पुनवेच्या भरतीला खारे पाणी आत शिरले. सगळ्यांचे वायंगण, म्हणजे हिवाळ्यात लावलेले भात, कोवळेपणीच जळाले, भिकाजीचेही.

पुढच्या वर्षी मानशीच्या डागडुजीसाठी कुळांची बैठक आमच्या सोप्यावर भरली. माझे यजमान, कृष्णनाथ, कुळांच्या संघटनेचे कार्यवाह होते.

“परत ह्याच्याच हातात?” शेजारच्या शेताचा बाबली म्हणाला. “गेल्या वर्षी राळ चिरेत कमी आणि नळीत जास्त गेली.”

“खरं हाय, बाबलीदादा,” भिकाजी म्हणाला. “औंदा पंप मी निवडणार.”

“आणि नाय जमला तर?”

“तर शेत सोडून गावाकडं जातो.”

यजमान त्याला घेऊन म्हापशाला गेले. माहितीपत्रके इंग्रजीत, म्हणून मीही गेले. दुकानदाराने आधी विजेचा पंप पुढे केला. मी त्याच्या दाबाचा आकडा वाचून दाखवला.

“बाई, जुन्या भिंतीला एवढा दाब कशाला? चीर भरायची हाय, फाडायची न्हाई,” भिकाजी मला म्हणाला.

मग हाताने दाबायचे दोन पंप आले. भिकाजीने दोन्हींत पाणी भरले, पुढच्या तोट्या बंद केल्या आणि दाबाचा काटा वर येईपर्यंत दांडा मारला. मग म्हणाला, “चला, चहा पिऊ.”

आम्ही परतलो तेव्हा एका पंपाचा काटा खाली आला होता. दुसऱ्याचा होता तिथेच होता.

“आता हा माझ्यासमोर खोला.”

“पंप घेतोस की जावई बघतोस?” दुकानदार वैतागला.

“जावई रुसला तर समजूत काढता येते, शेट. भरतीची कोण काढणार?”

पंप एकाच पान्याने उघडला. भिकाजीने आतला चामड्याचा वायसर बोटाने चाचपला आणि तसलेच चार जादा मागून घेतले.

कार्तिकी एकादशीला माझ्या भरती-ओहोटीच्या वहीप्रमाणे दुपारी चारच्या सुमारास ओहोटी होती. तिच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढाच वेळ हाताशी होता. चिरांवर भोके पाडून नळ्या आदल्या दिवशीच बसवल्या होत्या. भिकाजीने सर्वांत खालच्या नळीपासून सुरुवात केली. तिच्यात राळ दाबायची, वरच्या नळीतून ती बाहेर डोकावली की खालची बंद करायची आणि पंप वरच्या नळीला लावायचा. ही राळ ओल लागताच फुगून चीर बुजवायची.

तीन नळ्या उरल्या असताना दांडा हलका लागू लागला आणि काटा पडला. बांधावर बसलेला बाबली उठून उभा राहिला.

“झाला ह्याचा पंप.”

भिकाजीने पान्याने पंप उघडला, झिजलेला वायसर काढला, सदऱ्याच्या खिशातला नवा बसवला. मी घड्याळ पाहत होते: सहा मिनिटे. शेवटची नळी बंद केली तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आले होते. तरीही वर येऊन आधी त्याने पंप धुतला, पाय नंतर.

त्रिपुरी पुनवेच्या दुपारी मोठी भरती लागली. आमच्याकडे अशा वेळी शेतातल्या चरातले पाणी बोटाने चाखून पाहतात. भिकाजी चरापाशी उभा होता, पण चाखायचे त्याला धैर्य होईना. शेवटी बाबली वाकला. बोट बुडवून जिभेला लावले. दहा पावले पुढे जाऊन पुन्हा चाखले, मग मानशीच्या अगदी पायथ्याशी. परत आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच आंबट होता.

“गोडा आसा,” तो म्हणाला. मग बोट पुसत, “तुझा बियाणा तर गेल्या वर्षीच जळला, माझ्यातला घे. किती होया तुका?”

भिकाजीने आधी चराशी वाकून पाणी चाखले. मग म्हणाला, “दोन पायली द्या, दादा.”