डीएनए सर आणि एकदम उलटलेली दोन पानं

डीएनए सर भर नाटकात संवाद विसरले, असं चिचगडभर सांगत फिरणारा मीच. सर विसरले नव्हते. प्रॉम्प्टर मी होतो. विंगेतून नटीकडे बघता बघता मी वहीची दोन पानं एकदम उलटली होती.

सर आम्हाला बारावीला जीवशास्त्र शिकवत आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात राजा होत. आवाज दोन्हीकडे तोच. ‘क्रोमोसोम’ असं म्हणत, की शेजारच्या गावावर स्वारी निघाली असं वाटे.

“जीनोम म्हणजे नाटकाची अख्खी वही,” ते सांगत. “त्यातलं एकेकाचं काम म्हणजे जीन. वही पेटीत राहते, नट आपली नक्कल उतरवून घेते. ते नक्कल म्हणजे आरएनए. आन् स्टेजवर जो धिंगाणा घालते, तो प्रोटीन.”

“सर, जीनोममंधी इतकं बिनकामाचं काऊन असते?” मी एकदा विचारलं.

“तुह्या डोक्यात असते तसंच. कायले ठेवलं, ते अजून कोणाले समजलं नाही.”

तर गाळलेल्या पानावर राजकुमार मरत होता. माझ्या भरवशावर सर थेट पुढच्या विलापाला लागले. राजकुमार शेजारी उभा, मान खाजवत. प्रेक्षकांतून कोणी म्हणालं, “राजेहो, पोट्टा जित्ता आहे ना बे.” मंडप हसून लोळला. नाटक मंडळानं मला विचारलं, तेव्हा मार चुकवायला मी सरांचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी राजा दुसरा झाला. सर गेटवर तिकिटं फाडायला बसले.

त्याआधी, नाटकानंतरच्या पहिल्याच तासाला त्यांनी म्युटेशन शिकवलं. “वहीतलं पान गळलं, त खालचं सारं बिघडते. याले डिलीशन म्हणतात. नटाचा दोष नाही.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ते निवृत्त झाल्यावर घरी जाऊन मी सगळं कबूल केलं.

“मले मालूम होतं,” सर म्हणाले. “मंडपाले सांगितलं का?”

त्या वर्षी पडदा उघडण्याआधी मी माईक मागून घेतला. सर पुढच्याच रांगेत बसले होते. झालं ते सांगितलं आणि पुटपुटलो, “माफ करा, सर.”

प्रेक्षकांतल्या मागच्या रांगेतून आवाज आला, “जोरात बोल बे, आयकू येऊन नाही राह्यलं.”

मी पुन्हा म्हणालो, जोरात.