शुक्रवारची सव्वासहाची बस

आमच्या समोरच्या दारातल्या भाऊजींना सगळी इमारत ‘वेळापत्रक’ म्हणते. कोणती बस कधी सुटेल हे डेपोच्या कचेरीत बसून ते ठरवतात, आणि त्यांनी चहा कधी प्यायचा हे त्यांची बायको ठरवते. धूर कमी व्हावा म्हणून कचेऱ्यांना शुक्रवारीही सुट्टी मिळाली, आठवडा चारच दिवसांचा झाला, तेव्हा तर स्वारी हवेत होती. शुक्रवारी कुंड्यांना पाणी घालता घालता मला ऐकवायचे, "वहिनी, मी घरी बसतो म्हणजे हवेवर उपकार करतो. स्कूटर बंद, कचेरीतले दिवे बंद."

"बडबडही बंद केलीत तर आमच्यावरही उपकार होतील," मी म्हणायची.

त्याच झपाट्यात त्यांनी शुक्रवारची सकाळची सव्वासहाची बस बंद केली. बऱ्याच कचेऱ्यांना सुट्टी, तिकिटं जेमतेम चार, मग रिकामी गाडी धूर ओकत कशाला फिरवायची? साहेबांनी पाठ थोपटली. एरवी गाडी बंद करण्याआधी भाऊजी स्वतः थांब्यावर उभे राहून माणसं मोजायचे. पण शुक्रवार पडला सुट्टीचा! कोण उठणार? तिकिटांचा कागद बघितला, रेघ मारली.

त्या गाडीने वरच्या मजल्यावरच्या मावशी रुग्णालयात चादरी धुवायला जायच्या. त्यांच्याकडे महिन्याचा पास, आणि पासवाल्यांचं तिकीट फाटत नाही. म्हणजे कागदावर मावशी नव्हत्याच.

आजारी नवऱ्याला औषध दिल्याशिवाय त्यांना घर सोडता येत नाही, म्हणून लवकर निघणं नाही. तीन शुक्रवार चालत गेल्या, तिन्ही वेळा उशीर. आणखी एकदा झाला तर काम जाणार, असं तिथल्या देखरेखीच्या बाईंनी बजावलं. हे भाऊजींना सांगितलं मीच, तेही खिदळत. "तुमच्या स्वच्छ हवेत मावशी चालून चालून बारीक झाल्या हो!"

भाऊजी हसले नाहीत. "पास..." एवढंच पुटपुटले. कुंडीतलं पाणी ओसंडून माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं, तरी त्यांचा हात तसाच.

पुढच्या शुक्रवारी सहालाच स्कूटर घेऊन खाली उभे. मी दुधाच्या निमित्ताने जिन्यात.

"मावशी, बसा. सोडतो."

"अगंबाई! आज सूर्य कुणीकडे उगवला?"

"ती बस मी बंद केली, मावशी. पासवाले मोजायचेच राहिले."

मावशी स्कूटरपाशी आल्या. "नऊ वर्षं बसते रे मी त्या गाडीत. माझ्यासारख्या पासवाल्या आणखी अकराजणी आहेत. त्यांना कुठे बसवशील?"

"साहेबांना चूक सांगतो. गाडी परत सुरू करायला लावतो."

"कधी?"

"सोमवारी."

"आज का नाही?"

भाऊजी इतक्या हळू बोलले, की ऐकायला मला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. "आज... सुट्टी आहे."

मावशी पिशवी सावरून मागे बसल्या. "चल मग. पुढच्या वळणावर त्यातल्या दोघीजणी चालताना दिसतील. तिथे मान खाली घालू नकोस, बघ त्यांच्याकडे."