काठी कुणाच्या हातात

बेळगावजवळच्या हिंडलगा गावात समर्थच्या सत्काराचा फ्लेक्स लागला, तेव्हा त्यात युवराजचं फक्त कोपर आलं होतं. कोपर आणि हातातली काठी. उरलेला युवराज फ्लेक्सवाल्यानं कापून टाकला, कारण त्या जागी गावातल्या पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो बसवायचे होते. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? युवराज महिनाभर त्या फ्लेक्सखालून मोटारसायकल घालून मच्छे गावातल्या कारखान्याला जात होता. आपण एकदाही मान वर करून बघितलं नाही, असं तो सांगतो. रोज बघायचा.

समर्थ त्याचा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि पोहण्यात देशातल्या पहिल्या दोघातिघांतला. पॅरालिम्पिकच्या बातमीत त्याचं नाव यायचं. आणि युवराज कोण? युवराज काठी मारणारा.

ह्या कामाला खेळातली माणसं टॅपर म्हणतात. पूर्ण आंधळ्यांच्या शर्यतीत पोहणाऱ्याला भिंत कुठं आली ते कळत नाही. म्हणून काठावर माणूस उभा असतो, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ बॉल. पोहणारा भिंतीजवळ आला की नेमक्या क्षणी त्याच्या डोक्याला नाहीतर पाठीला टपली द्यायची. टपली उशिरा पडली तर पोरगा भरवेगात भिंतीवर आदळतो. लवकर पडली तर हात आखडतो आणि वेळ जातो. शंभर मीटरला दोन भिंती, म्हणून दोन टॅपर. एक पलीकडं वळणाच्या भिंतीला, एक अलीकडं शर्यत संपते तिथं. कॅमेरे अलीकडंच असतात, हे वेगळं सांगायला नको.

ह्या भावांचं पोहणं शेतातल्या विहिरीत सुरू झालं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरं ढकलायची, तसा युवराजही ढकलला गेला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात डबा सोडून मोकळा झाला. तालुक्याला पहिला, जिल्ह्याला पहिला. राज्याच्या स्पर्धेत चौथा. गावात तो म्हणायचा, "भावासाठी पवायचं सोडलं मी." लोक हळहळायचे आणि त्यालाही ते बरं वाटायचं. खरं असं की चौथ्यानंतर पुढच्या वर्षी तो सहावा आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी निवडीतच नाव निघालं नाही. त्याच सुमाराला समर्थच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. अकराव्या वर्षी अंधूक, तेराव्या वर्षी सगळा अंधार. आई जयाबाई म्हणाली, "त्याला घरात कोंडून ठिवू नगं रं युवराज. तुज्यासंगं विहिरीवर ने."

नेलं. आधी काठावरून ओरडायचा, "भिंत आली रं!" पण पोहताना कानात पाणी, ऐकू कुठलं येतंय. मग युवराजनं वेळूच्या काठीला फडकं गुंडाळलं आणि भिंत जवळ आली की टपली द्यायला लागला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जगात अशी काठी असते हे त्याला पुढं चार वर्षांनी कळलं, आणि त्या दिवशी तो आनंदानं फुगला होता. आपल्या अकलेतून निघालेलं एवढं एकच काम त्याच्या नावावर होतं, ते तरी कुणी काढून घेऊ नये, एवढंच त्याचं मागणं.

पण पदकं आली ती समर्थला. शाली आल्या त्या समर्थला. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली ती समर्थला, आणि युवराज आपला मच्छ्यात लेथवर लोखंड कातत राहिला. भाऊ पुढं गेला म्हणून माणसाला आनंद होतो हे खरं, पण पोटात दुखतं हेही खरं. युवराजच्या पोटात लई दुखायचं. हार घातलेला समर्थ दारात उभा राहिला की ह्याला वाटायचं, हे आपलं पोहणं आहे, आपले हात आहेत, आणि हार भलत्याच गळ्यात पडलाय.

एकदा राष्ट्रीय स्पर्धेच्या सकाळी एका बातमीदारानं समर्थला विचारलं, "पोहायला कुणी शिकवलं?" समर्थनं तीन महिन्यांपूर्वी आलेल्या कोचचं नाव घेतलं. मग आठवल्यासारखं म्हणाला, "आमचे अण्णा बी असत्यात, काठी घिऊन."

काठी घिऊन! युवराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तासाभरानं शर्यत होती. समर्थ शेवटच्या भिंतीकडं झेपावत आला, काठी त्याच्या डोक्यावर आली, आणि युवराजनं ती तिथंच धरून ठेवली. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. समर्थचा हात भिंतीवर आदळला, दोन बोटं सुजली, एकाचं हाड चिरलं. सगळ्यांनी धीर दिला. समर्थ म्हणाला, "माजाच अंदाज चुकला."

त्या दिवसापासून युवराज आपल्याच हाताला भ्यायला लागला. पुन्हा मनात तसलं काही आलं तर? म्हणून तो टपली लवकर द्यायला लागला, अर्धा हात आधीच. समर्थ आखडायचा, वेळ जायचा. सहा वर्षं पोरगा एकाच वेळेवर अडकून पडला. कोच बदलले, श्वास बदलला, खाणंपिणं बदललं. काठीकडं कुणी बघितलं नाही.

मग बेंगळुरूहून नवे कोच आले आणि त्यांनी बेळगावातल्याच टिळकवाडीची एक मुलगी आणली. निवेदिता हेरेकर, तिथल्या केशवमास्तरांची लेक, खेळाच्या शिक्षणाची पदवी घेतलेली. पहिल्या दिवशी तिनं अलीकडच्या भिंतीला काठी धरली. समर्थनं भिंतीला हात लावला आणि पाण्यातून डोकं वर काढून हसला. घड्याळात सव्वा सेकंद कमी.

"परत एकदा मारा मॅडम," समर्थ म्हणाला. परत तेवढाच कमी.

युवराजनं हे हसू ह्याआधी बघितलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, असं त्यानं चहाच्या गाडीवर चारचौघांत सांगितलं. ती पोरगी चप्पल घालून काठावर उभारते, तिचं मनगट दुबळं आहे, तिला काठीतलं काय कळतंय. घरी जेवतानाही तेच. जयाबाईनं भाकरी वाढता वाढता त्याच्याकडं बघितलं. "काठीचा बी हेवा करालायस व्हय रं?"

"हेवा कसला? पंधरा वर्षं मी मारलोय काठी."

"मग इतकं जळालायस कशापायी?"

निवड चाचणीच्या दिवशी कोचनी निवेदिताला अलीकडच्या भिंतीला उभं केलं आणि युवराजला पलीकडं, वळणाला. एक मिनिट पाच सेकंदांच्या आत यायचं होतं. युवराजनं आपल्या भिंतीला नेहमीसारखी टपली लवकरच दिली. सवय अशी सुटत नाही. तरीही समर्थ वेळेच्या आत आला. म्हणजे ह्यानं जे घालवलं ते तिनं भरून काढलं. अलीकडं गर्दी झाली, फोटो निघाले. युवराज पन्नास मीटर लांब, तलावाला वळसा घालून पोचेपर्यंत समर्थच्या अंगावर टॉवेल आला होता आणि निवेदिताच्या हातात पेढा. तिनं त्यातला अर्धा मोडून युवराजपुढं धरला. त्यानं घेतला नाही.

पॅरालिम्पिकचं नक्की झालं. आठवड्यानं फॉर्म आला. समर्थचे सगळे फॉर्म युवराजच भरायचा. कन्नड असो, इंग्रजी असो, सही करताना ओळीखाली फूटपट्टीही तोच धरायचा. ह्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, सोबत येणाऱ्या टॅपरचं नाव. एकच नाव. दुसऱ्या भिंतीला तिथला माणूस मिळणार होता.

"तुजं नाव लिव अण्णा," समर्थ म्हणाला.

युवराजला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग छातीत आनंद उसळला. जिंकलो आपण! ती टिळकवाडीची बसली घरी. पण आनंद टिकेल तो युवराज कसला. त्याला खोदून विचारायची खोड.

"तिच्या हातानं तुजी वेळ येतीया. मग मी कशाला?"

समर्थ म्हणाला, "माजी बोटं मोडली तवा तू अर्धा किलो कुंद्याची मिठाई आणलास अण्णा, आणि हातानं भरवलास. जन्मात कधी मला लिमलेटची गोळी आणून दिली न्हवतीस. तवाच मला कळलं. खाई त्याला खवखवे."

युवराजनं विचारलं, "आणि सहा वर्षं तू काय बोलला न्हाईस?"

"बोलून काय करू? तवापास्नं तू लवकर मारतोस, ते बी मला म्हाईत हाय." समर्थचा आवाज साधा होता, राग नव्हता त्यात. "तिच्यासंगं गेलो तर पाचवा येईन, नशीब असलं तर चौथा. तुज्यासंगं आठवा. पण नंबर काढून मी राहू कुठं? ह्याच घरात, तुज्याच शेजारी. तुजं जळणं मला सोसत न्हाय आता. लिव तुजं."

म्हणजे हा मान नव्हता. भीक होती. घरात शांतता राहावी म्हणून भावानं टाकलेली. युवराज त्या रकान्याकडं बघत बसला. राग समर्थचा आला, त्या मुलीचा आला, मग आपलाच आला. शेवटी त्यानं पेन टेकवलं आणि लिहिलं, निवेदिता केशव हेरेकर. अक्षरं इतकी दाबून काढली की मागच्या पानावर उमटली.

"लिवलंस?"

"लिवलं."

"तुजंच न्हवं?"

"माजंच की," युवराज म्हणाला.

समर्थचा चेहरा पडला. क्षणभरच, पण चांगलाच पडला. मग तो हसला, "बरं झालं अण्णा" म्हणाला, आणि सहीसाठी हात पुढं केला. युवराजनं तो पडलेला चेहरा बघितला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या पोराला आपण नको होतो. मनापासून नको होतो. पंधरा वर्षांत फ्लेक्सनं, बातमीदारानं, त्या पोरीनं सगळ्यांनी मिळून त्याला जेवढं जाळलं नसेल तेवढं त्या एका क्षणानं जाळलं. खोडावं ते नाव आणि घालावं आपलं, असं मनात आलं. पेन हातातच होतं.

त्यानं ते समर्थच्या बोटांत दिलं, फूटपट्टी ओळीखाली लावली आणि घट्ट धरून बसला. समर्थची सही ओळीवर सरळ आली.