टोप्याच्या बायकोचा कॉम्प्युटर

टोप्याबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघेल अशी कुणी अपेक्षा ठेवू नये. त्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, माझं अलीकडे. पूर्वी आम्ही भागीदार होतो, एकाच टेबलावर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. पण एका मशीनमधला चांगला भाग काढून दुसऱ्यात बसवायचा आणि दोन्ही गिऱ्हाइकांकडून शाबासकी घ्यायची, ही त्याची पद्धत. ह्याची टोपी त्याला, म्हणून टोप्या. नाव मीच ठेवलं आणि बाजारभर मीच केलं. त्याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही.

सांगायचं आहे ते मात्र त्याच्या बायकोबद्दल. भागीदारी होती तेव्हापासून मी तिला वहिनी म्हणतो. भागीदारी मोडली, ते तसंच राहिलं. बुटकी, काटक बाई. बोलणार कमी, पण बोलली की समोरच्याला पुढचं वाक्य सुचायचं नाही. शिवणकाम करता करता ती कपड्यांचे साचे काढायला लागली. शर्टाची पाठ, बाही, कॉलर बेतताना कापडावर जो कागद ठेवतात, तो साचा. आधी खाकी कागदावर काढायची. मग टोप्याच्या दुकानात कुणी फुकटही नेईना असा एक जुनाट कॉम्प्युटर तिने घरी नेला आणि स्वतःची स्वतः त्यावर शिकली. शाळेतल्या पोरापासून ढेरपोट्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या मापांचे साचे त्यात होते. टोप्या चारचौघांत सांगायचा, "चित्रं काढत बसते. वेळ जातो तिचा."

ह्या चित्रांसाठी तिला एका तयार कपड्यांच्या कारखान्याने बोलावलं. साचे दाखवा, पसंत पडले तर साच्यांचा विभाग तुमच्या हाती देतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. ज्या घरात पंखा लावायलाही नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बघावं लागतं, त्या घरातल्या बाईला ही नोकरी काय असते ते मी सांगायला नको. ती बातमी द्यायला बहिणीच्या गावाला जाऊन आली, कॉम्प्युटर लावला, तर तो सुरूच होईना.

दुपारी टोप्या शटर अर्धं ओढून आत घोरत असतो. ती वेळ साधून वहिनी माझ्याकडे आल्या, चादरीत गुंडाळलेली पेटी दोन्ही हातांत धरून. दुरुस्ती करणाऱ्याची बायको समोरच्या दुकानात मशीन घेऊन जाते म्हणजे भर बाजारात नवऱ्याचं नाक कापलं जातं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"काळा पडदा येतो भाऊजी, आणि ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही असं लिहून येतं," त्या म्हणाल्या.

"मग घरच्या डॉक्टरांचं काय म्हणणं?"

"जुनं झालंय, फेकून दे, म्हणाले. तुम्ही बघा. माझे साचे आहेत त्यात."

पेटी लावून बघितली, तर उघडायच्या आधीच आतून टकटक ऐकू आली. डिस्क मेली की अशीच टकटकते, आणि सिस्टीम काय, साचे काय, असतात ते डिस्कवरच. मी डिस्क ओढून काढली आणि बघतो तर तिच्यावर जाड काळ्या पेनाने लिहिलेलं: मयत. अक्षर माझंच.

मेलेल्या डिस्कवर मी असं लिहून ठेवतो, नाहीतर चुकून पुन्हा कुणाला तरी बसवली जाते. ही डिस्क ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची. नवी घ्यावी लागेल म्हणालो तर तो माझ्यावरच भडकला, डिस्क हिसकावून घेतली आणि तडक टोप्याकडे गेला. टोप्याने संध्याकाळच्या आत त्याचं मशीन सुरू करून दिलं. इतक्या लवकर ह्याने डिस्क कुठून पैदा केली, ते आत्ता कळलं. बायको गावाला गेलेली. तिची काढली, पुसली, त्याला बसवली आणि त्याची मेलेली हिच्या पेटीत कोंबली. मी लिहिलेलं पुसायचीही तसदी घेतली नाही. आपली बायको ही पेटी दुसऱ्या कुणापुढे उघडेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे: दुसऱ्याने हात घातलेल्या मशीनबद्दल गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही. मी ती रीत तिथल्या तिथे मोडली आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी नवऱ्याला शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "पुसलेलं परत येतं?"

"येतं. वर नवं काही भरलं नसेल तर जवळजवळ सगळं येतं. भरलं की खालचं कायमचं गेलं."

"मग चला लगेच त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये."

"आलोच," मी म्हणालो आणि ती डिस्क घेऊन रस्ता ओलांडला.

इतक्या वर्षांनी माणूस मुद्देमालासकट सापडला होता. मी शटर बडवून त्याला उठवलं. डिस्क नाचवत आजूबाजूच्या दुकानदारांना गोळा केलं. टोप्या डोळे चोळत बाहेर आला आणि वहिनींना बघून त्याचा चेहरा उतरला.

"घरातला मामला आहे," तो म्हणाला. "माझ्या घरातली डिस्क मी कुणालाही देईन. तू कोण नाक खुपसणारा?"

"बायकोच्या घरात चोरी करणारा तू कोण?"

"चित्रं होती. पुन्हा काढेल."

शब्दाने शब्द वाढला. त्याने माझ्या दुरुस्त्या काढल्या, मी त्याच्या काढल्या. भागीदारी मोडताना त्याने ठेवून घेतलेली माझी खुर्चीसुद्धा निघाली. वहिनी बाजूला उभ्या होत्या. "भाऊजी, आधी तिकडे जाऊ," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने माझी बाही ओढून पुन्हा म्हणाल्या.

"थांबा वहिनी, आज ह्याचा सोक्षमोक्ष लावतो," मी म्हणालो. लोक माझ्या बाजूने बोलत होते. असं सुख रोज मिळत नाही.

घसा बसल्यावर आम्ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोचलो. टोप्याही धापा टाकत मागोमाग आला. स्कूलवाला खुशीत होता.

"झकास चालतंय बघा," तो म्हणाला. "आज उशिरा जेवलो आणि आत्ताच बसून शिकवायचे सगळे व्हिडिओ भरून टाकले. डिस्क भरतच आली की."

वहिनींनी पडद्यावरची व्हिडिओंची यादी वाचली. मग मला म्हणाल्या, "मी म्हटलं तेव्हाच आलो असतो तर?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर टोप्या उभा होता आणि त्यालाही उत्तर ठाऊक होतं. "तर वाचलं असतं बरंचसं," मी म्हणालो.

"ऐकलंस?" टोप्या तिला म्हणाला. "ह्याला माहीत होतं सगळं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला ते साचे काय आहेत ते माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं."

बराच खटाटोप करून मी डिस्कमधून काही बाह्या, दोन-चार पाठी आणि अर्ध्यामुर्ध्या कॉलरी वर काढल्या. लहान मुलांचं एकही माप परत आलं नाही. जे हाती लागलं ते घेऊन ती कारखान्यात गेली. विभाग मिळाला नाही. कापायच्या टेबलावर उभं केलं. साचे पुन्हा काढून आणा, मग बघू, म्हणाले. दिवसभर ती दुसऱ्यांच्या साच्यांवरून कापड कापते आणि घरी येऊन खाकी कागदावर स्वतःचे साचे काढते.

चोरी त्याने केली, मी नाही. हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन, आणि बाजारात सगळ्यांना ते पटतं.

परवा तिने नवा कॉम्प्युटर घेतला, पार पलीकडच्या गल्लीतल्या कुठल्या तरी तिसऱ्याच दुकानातून. खोकं घेऊन ती आमच्या दोन दुकानांमधून चालली होती. टोप्या त्याच्या दारात, मी माझ्या. म्हटलं, आपण तरी बोलावं.

"वहिनी, काही अडलं तर सांगा, ह्याच्याकडे जाऊ नका."

ती थांबली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी अडलं होतं," ती म्हणाली, आणि खोकं सावरून चालू लागली.